थंडीत रुसणारा ट्रक

तळेऱ्याच्या तिठ्यावर, जिथे विजयदुर्गाकडचा रस्ता मुंबई-गोव्याच्या रस्त्याला मिळतो, तिथे १९५९ साली विश्राम मुणगेकरने बॅटरी चार्जिंगचं दुकान घातलं. त्याआधी दहा वर्षं तो मुंबईच्या एका गॅरेजात ट्रकांचे सेल्फ आणि डायनामो दुरुस्त करत होता. कसबी माणूस. पण राहायच्या खोलीत आठ जण झोपत, त्यातले सहा घोरत, आणि विश्रामला घोरण्याच्या आवाजात झोप येत नसे. एवढ्या कारणासाठी माणूस मुंबईची नोकरी सोडतो यावर गावात कुणाचा विश्वास बसला नाही. पण कारण तेवढंच होतं.

तळेऱ्यात तेव्हा वीज आलेली नव्हती. विश्रामने रॉकेलवर चालणारं एक छोटं इंजिन आणलं, त्याला पट्ट्याने एक जुना डायनामो जोडला आणि त्यावर बॅटऱ्या चार्ज करायला सुरुवात केली. दुकान म्हणजे चार खांब, वर कौलं आणि मागे राहायची एक खोली. अडचण एकच होती. कुणाचा ट्रक कासार्ड्याला बंद पडायचा, कुणाचा खारेपाटणच्या चढावर. विश्राम हत्यारांची पिशवी घेऊन निघाला की दुकानात उरायची त्याची बायको, सुगंधा.

सुगंधा विजयदुर्गची. तिचे वडील गलबतावर तांडेल होते. ती मराठी चौथीपर्यंत शिकली होती, आणि तिला एक खोड होती. कुठलीही नवी वस्तू दिसली की तिला हात लावून बघितल्याशिवाय तिचं समाधान व्हायचं नाही. लग्नात होमाजवळ ठेवलेलं तूप गरम आहे की थंड हे तिने बोट बुडवून बघितलं होतं, आणि सप्तपदी फोड आलेल्या बोटाने पार पडली होती.

पहिले पंधरा दिवस ती दुकानात नुसती राखणीला बसली. मग तिने विचारायला सुरुवात केली. ही काचेची पिचकारी कशाला? बॅटरीतलं पाणी ओढून त्याची ताकद बघायला. पिचकारीतलं बोंडूक वर तरंगलं तर काय, बुडालं तर काय? हळूहळू ती स्वतःच पाणी बघू लागली, भरलेल्या बॅटरीवर खडूने फुली मारू लागली. बॅटरीत घालायला शुद्ध पाणी लागतं, ते कोल्हापूरहून आणायला नको म्हणून श्रावणात अंगणात धुतलेलं धोतर ताणून बांधून तिने पावसाचं पाणी गाळून घेतलं आणि अठरा बरण्या भरून ठेवल्या. ॲसिडचे थेंब उडून तिच्या सगळ्या लुगड्यांच्या खालच्या काठांना भोकं पडली. बाजारातल्या बायका हसायच्या. ती म्हणायची, "ह्या आमच्या धंद्याचा भरतकाम."

एकदा जेवताना तिने नवऱ्याला विचारलं, "बॅटरीतसून वीज जाता ती जाता खंय? सपता?"

"सपत नाय गो," विश्राम म्हणाला. "तारेतसून कामाक जाता, काम झाला की ट्रकाच्या लोखंडातसून परत घरा येता."

"आणि लोखंडातसून बॅटरीत?"

"थंय तांब्याची एक विणलेली पट्टी असता. एक टोक बॅटरीक, दुसरा ट्रकाच्या सांगाड्याक, बोल्टान आवळलेला. मिस्त्री लोक तेका 'अर्थ' म्हणतत."

सुगंधाने भाताचा घास तसाच हातात धरला. "म्हणजे अर्थ बिघडलो तर सगळाच व्यर्थ!" ती म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतकी हसली की तिला ठसका लागला.

विजयदुर्गच्या अप्पा धुरींनी १९६० साली नवा कोरा डिझेलचा ट्रक घेतला. खाली समुद्रावरून सुकी आणि खारवलेली मासळी घ्यायची, फोंडा घाट चढून, राधानगरीवरून कोल्हापूरला न्यायची आणि येताना गूळ आणि कांदे आणायचे, असा त्यांचा धंदा. ट्रक चालवायचा बाबली. बाबली अंगाने आडवा, आवाजाने मोठा आणि मिशांचा शौकीन. घाट चढता चढता अंधार पडायला आला की तो माथ्यावर दाजीपूरला मुक्काम करायचा, कारण पुढे जंगल, धुकं, आणि रस्ता ओलांडणारे गवे.

पावसाळाभर सगळं सुरळीत चाललं. मार्गशीर्ष लागला, दाजीपूरला थंडी पडली, आणि ट्रक रुसला.

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. आतली हवा दाबून दाबून तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. इंजिन गारठलेलं असलं की हवेला आधी ऊब द्यावी लागते. त्यासाठी अप्पांच्या ट्रकला सहा हीटर प्लग होते, माळेतल्या मण्यांसारखे एकामागे एक जोडलेले. ड्रायव्हरसमोर जाळीमागे तारेचं एक वेटोळं असायचं. बटण ओढून धरायचं, वेटोळं रसरशीत लाल झालं की प्लग तापले असं समजायचं आणि मग इंजिन फिरवायला सेल्फ मारायचा. खाली किनाऱ्यावर हा खटाटोप कधी करावाच लागत नसे. तिथे हवाच ऊबदार.

दाजीपूरला सकाळी बाबली बटण ओढून धरायचा, पण वेटोळं जेमतेम विटकरी व्हायचं. सेल्फ मारला की म्हातारा रेडा उठताना कण्हतो तसा आवाज यायचा, आणि पुढे काही नाही. मग माणसं गोळा करून धक्का, नाहीतर इंजिनाच्या खाली गवत पेटवून तेल पातळ करायचं. अशाच एका सकाळी गवताचा भडका उडाला आणि बाबलीची डावी मिशी अर्धी जळाली. उजवीही काढावी लागली. बिनमिशांचा बाबली तळेऱ्याला उतरला तेव्हा तिठ्यावरच्या हॉटेलवाल्याने त्याला ओळखलंच नाही.

"घाटातली बाय गाडी धरता," बाबली दुकानात येऊन सांगू लागला. "नारळ दिलंय, कोंबो दिलंय. ऐकणा नाय."

"नारळ देत ऱ्हव," सुगंधा म्हणाली. "पण तिका गाडी धरून काय करूची आसा? तिका खंय कोल्हापुराक जावचा आसा?"

विश्रामने ट्रक तपासला. तळेऱ्याच्या उन्हात सेल्फ मारला की इंजिन पहिल्याच दमात सुरू. प्लग एकेक करून काढून बघितले, सहाच्या सहा ठणठणीत. बॅटरी भरलेली. असं तीनदा झालं. घाटात हट्ट धरणारा ट्रक विश्रामच्या दारात शहाण्या पोरासारखा वागायचा. अप्पा धुरींनी वैतागून नवी बॅटरी घेतली. तीही घाटात हरली. तिठ्यावर लोक विश्रामला चिडवू लागले, "मिस्त्री, तुमचा तोंड बघलान की गाडी बरी होता. तुमीच घाटात जावन ऱ्हवा."

विश्राम वरवर हसायचा, पण ते त्याच्या मनाला लागलं होतं. इतक्या वर्षांत त्याला न सापडलेला हा पहिलाच बिघाड होता. जेवताना त्याचं लक्ष नसायचं. एका रात्री तर तो झोपेत "वेटोळा लाल झाला!" असं ओरडला.

पौष लागला आणि राधानगरीहून पत्र आलं. सुगंधाचा धाकटा भाऊ हरिश्चंद्र तिथे शाळेत मास्तर होता. त्याला मुलगी झाली होती. बाराव्या दिवशी दुपारी बारसं, आणि बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्येचा. 'ताई, तू आल्याशिवाय बाळाला पाळण्यात घालणार नाही,' असं हरिश्चंद्रने लिहिलं होतं, आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

"आमी अप्पांच्या ट्रकान जावया," सुगंधा म्हणाली.

"एस्टी आसा मा!"

"एस्टीत तुमका ट्रकाचो आजार कसो दिसतलो? आजारी माणसाक जंय दुखता थंय बघूक होया."

विश्रामला हे पटलं. रोगी बरा असताना वैद्य येऊन काय उपयोग? त्याने हत्यारांची पिशवी घेतली. सुगंधाने बाळाला चांदीचा वाळा, भावजयीला खण, आणि शिवाय कोकमाची सोलं, नारळ, कुळथाची पिठी असं माहेरवाशिणीला शोभेल तेवढं बोचकं बांधलं. आठवडी बाजारच्या दिवशी भर दुपारी ती लुगड्याचा काचा आवरून ट्रकच्या केबिनमध्ये चढली तेव्हा अख्खा तिठा बघायला उभा होता. तिने सगळ्यांना हात केला.

मागे खारवलेल्या मासळीच्या पाट्या, पुढे तिघं. नांदगाव झालं, फोंडा झालं, आणि ट्रक पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत घाट चढू लागला. प्रत्येक वळणावर सुगंधा खिडकीतून वाकून खाली बघायची. "ती बघा, आमची नदी! केवढीशी दिसता!" बाबली ओरडायचा, "वयनी, भायर वाकू नको गो!" आणि तोही तेवढाच खूश असायचा, कारण त्याच्या ट्रकमधून इतक्या कौतुकाने घाट बघणारं कुणी आजवर बसलंच नव्हतं.

दाजीपूरला चहाचं एक खोपटं होतं. ते चालवणारा शिवा हा घाटावरचा माणूस. त्याच्या घरी मुक्काम झाला. त्याच्या बायकोने भाकरी आणि झणझणीत झुणका वाढला आणि निजायला घोंगडी दिली.

सकाळी सुगंधा दार उघडून बाहेर आली आणि जागीच थांबली. गवताच्या प्रत्येक पात्यावर पांढरं दव गोठल्यासारखं चिकटलं होतं. झाडं धुक्यात अर्धी बुडाली होती. तिने तोंड उघडलं तर तोंडातून वाफ निघाली.

"गे बाय माझे! माझ्या तोंडातसून धूर येता!" ती ओरडली. मग तिने पुन्हा एक फुंकर मारली, मग आणखी एक, आणि लहान पोरीसारखी अंगणभर वाफा सोडत फिरली. शिवाची बायको दारात पोट धरून हसत होती. "वैनी, खाली थंडी न्हाई व्हय?"

"आमच्याकडे थंडी म्हणजे घाम येवचो थांबता, एवढाच!"

तिकडे बाबलीने बटण ओढून धरलं होतं. वेटोळं विटकरी झालं आणि तिथेच थांबलं. सेल्फ मारला. रेडा कण्हला. पुन्हा बटण, पुन्हा सेल्फ. विश्रामने इंजिनाचं झाकण उघडून आत डोकं घातलं होतं. प्लगच्या तारा आवळल्या, सेल्फच्या तारा आवळल्या. "मार!" तो म्हणायचा, बाबली मारायचा, आणि इंजिन अर्धा फेरा घेऊन गप्प. सूर्य वर येऊ लागला होता. राधानगरी तासा-दीड तासावर, बारसं दुपारी, आणि धक्का मारायला त्या दिवशी दाजीपुरात शिवा सोडून कुणी नव्हतं. बाकीचे सगळे लाकडं आणायला रानात गेले होते.

सुगंधाची बोटं थंडीने वाकडी झाली होती. ती घोंगडी लपेटून केबिनच्या पायरीवर बसली. पायरीशेजारीच बॅटरीची पेटी होती. बॅटरी चार्ज होताना ऊबदार होते हे तिला दुकानातल्या अनुभवाने माहीत होतं, म्हणून तिने पेटीचं झाकण उचलून हात शेकायला आत घातला. बॅटरी दगडासारखी गार. पेटीचा पत्रा त्याहून गार. तिने हात आणखी खाली नेला, सांगाड्याचं लोखंड चाचपलं, आणि एकदम हात मागे घेतला. मग सावकाश पुन्हा लावला.

"ऐकलात काय?" तिने हाक मारली. "हयसर येवा जरा."

"थांब गो, माका काम आसा."

"काम हय आसा! हयलो एक बोल्ट गरम आसा!"

विश्रामने झाकणाखालून डोकं काढलं. "कायच्या काय. इंजिन चालू नाय, बोल्ट कसो गरम होतलो?"

"माझो हात खोटा बोलाक लागलो? सगळो ट्रक बर्फ झालोसा आणि ह्यो एकटोच चुलीवरसून उतरल्यासारखो आसा. हात लावन बघा."

विश्राम आला, गुडघ्यावर बसला, हात लावला. त्याने हात तिथेच ठेवला. मग म्हणाला, "बाबली, परत एकदा सेल्फ मार." रेडा कण्हला. विश्रामच्या बोटांखाली बोल्ट आणखी तापला, इतका की त्याने चटका बसून हात झटकला, आणि तो चटका बसलेला हात हवेत धरून तो मोठ्याने हसत सुटला.

"अर्थ!" तो ओरडला. "सुगंधा, अर्थ बिघडलो!"

त्याने पाना लावून बोल्ट सोडवला. वरून तो चकचकीत दिसत होता, म्हणूनच तीनदा बघूनही कळलं नव्हतं. पण पट्टी उचलली आणि खाली पांढरं मीठ, तांबूस गंज आणि तांब्याचा हिरवा कळक यांचा जाड थर निघाला. मासळीच्या पाट्यांतलं खारं पाणी वर्षभर थेंब थेंब ठिबकत नेमकं तिथे मुरलं होतं. घरी परतायच्या वाटेवरच विजेला अडसर बसला होता. किनाऱ्यावर इंजिन ऊबदार, तेल पातळ, सेल्फला थोडी वीज पुरायची आणि ती त्या अडसरातूनही निभावून जायची. घाटात तेल घट्ट, इंजिन जड, वर सहा प्लग तापवायचे. तिथे वीज लागायची भरमसाट, आणि त्यातली निम्मी त्या बोल्टाशी झटापट करून त्यालाच तापवत बसायची. खाली तळेऱ्याला तो बोल्ट तपासला असता तरी उन्हाने सगळंच लोखंड तापलेलं. एकच बोल्ट गरम आहे हे कळायला बाकीचा ट्रक गारठलेला असायला हवा होता.

"म्हणजे घाटातली बाय नाय, समुद्रातलो नारायण गाडी धरी होतो," बाबली म्हणाला आणि त्याने दोघांनाही नमस्कार केला.

विश्रामने लोखंड कानशीने घासून पांढरं केलं. पण पट्टी तांब्याची, बारीक विणलेली. तिच्या विणीत हिरवा कळक बसलेला, तो कानशीने कसा निघणार? सुगंधा उठली, बोचकं सोडलं आणि भावाला नेत असलेल्या सोलांतली मूठभर काढली. घरातली तांब्याची भांडी ती रोज सोलांनीच घासायची. शिवाच्या बायकोने उकळतं पाणी आणलं. सुगंधाने सोलं भिजवून पट्टी खसाखसा चोळली, धुतली, चुलीशी धरून कोरडी केली. लाल, चकचकीत तांबं वर आलं. विश्रामने बोल्ट आवळला, वर ग्रीस फासलं.

"वयनी, तुमी बसा," बाबली म्हणाला आणि त्याने आपली जागा सोडली. "तुमचो मान."

सुगंधा ड्रायव्हरच्या जागेवर चढली. तिने बटण ओढून धरलं. वेटोळं विटकरी झालं, मग तांबडं, मग पिकल्या काजूच्या बोंडासारखं लालभडक. तिने सेल्फ मारला. इंजिनाने एक घरघर केली, काळ्या धुराचा लोट सोडला आणि ते धडधडून सुरू झालं. शिवाने टोपी हवेत उडवली. बाबली रस्त्यावर उभा राहून दोन्ही हात वर करून नाचत होता.

राधानगरीला पोचले तेव्हा पाळणा सजलेला होता, बायका ओटीवर जमल्या होत्या, आणि हरिश्चंद्र दहाव्यांदा रस्त्यावर येऊन बघून गेला होता. ट्रकमधून उतरलेली सुगंधा कोपरापर्यंत काळी होती. तिची भावजय सावित्री बघतच राहिली. राख, साबण, सोलं सगळं लावून झालं तरी हातांचा डिझेलचा वास काही जाईना. सुगंधाने तसंच बाळाला घेतलं. बाळाने तिचं बोट घट्ट धरलं.

रीतीप्रमाणे तिने बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "कुर्रर्र..."

"सेल्फ बरोबर लागलो, वयनी!" दारातून बाबलीचा आवाज आला.

सगळ्या बायका हसू लागल्या. सुगंधाला हसू आवरेना, आणि नाव सांगायचं राहिलं. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा "कुर्रर्र" झालं, आणि शेवटी तिने मुलीच्या कानात सांगितलं, "कावेरी." पाठीवर धपाटे पडले, घुगऱ्या वाटल्या, आणि बाबलीने जिलेबी खायला सुरुवात केली ती आचारी येऊन बघेपर्यंत.

परत आल्यावर विश्रामने अप्पांच्या ट्रकला खाऱ्या पाण्यापासून लांब, दुसऱ्या बाजूला आणखी एक पट्टी बसवली. उरलेला हिवाळा ट्रक एकदाही अडला नाही. बाबलीने मिशा वाढवल्या आणि विजयदुर्गपासून कोल्हापूरपर्यंत प्रत्येक थांब्यावर ही गोष्ट सांगितली. दर वेळी बोल्ट थोडा जास्त तापलेला असायचा. शेवटी शेवटी तर वयनीने त्यावर चहा उकळला, इथपर्यंत गोष्ट गेली.

त्यामुळे झालं असं, की मासळी आणि मीठ वाहणारे सगळेच ट्रक दिवाळीनंतर तळेऱ्याला थांबू लागले. पुढे ड्रायव्हरांनीच आग्रह धरला, आणि १९६४ पासून दर पौषात आठ दिवस मुणगेकर नवरा-बायको दाजीपूरला शिवाच्या खोपट्याशेजारी मुक्कामाला जाऊ लागले. तिथे सकाळच्या थंडीत ट्रक तपासायचे, दुपारी रिकामे. खरं तर ती त्यांची सुट्टीच होती. सावित्रीने नणंदेला लोकरीचा स्वेटर विणून दिला होता, तो लुगड्यावर घालून सुगंधा गवताचं दव तुडवत फिरायची. छोटी कावेरी राधानगरीहून आत्येकडे यायची आणि दोघी मिळून तोंडातून वाफा सोडायच्या.

अशाच एका पौषात कोल्हापूरच्या एका मोठ्या ट्रक कंपनीचा फोरमन जीप घेऊन आला. त्यांच्या नऊ गाड्या थंडीत अडत होत्या. विश्राम चुलीशी बसून भात शिजवत होता.

"मुणगेकर मिस्त्री आपणच का?" फोरमनने विचारलं.

विश्रामने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि कचेरीतल्या शुद्ध मराठीत उत्तर दिलं, "मी मदतनीस. मिस्त्री बाई पलीकडच्या ट्रकखाली आहेत. बसा, भात होईपर्यंत येतील."

फोरमन बसला. भात झाला, सुगंधा आली, सगळे जेवले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या नऊ गाड्या बघायला ती जीपमध्ये पुढे बसून गेली. विश्राम मागे, पिशवी मांडीवर घेऊन, डुलकी काढत. आणि तो चक्क घोरत होता.